धाकट्या तळ्यावरचे कुलंग

१२ ऑक्टोबर, रविवार

काकांनी वही काढून घेतली! माझ्या हातातून. नावेत बसल्या बसल्या. "आण इकडं," म्हणाले आणि मागे वळून केतकीला दिली. पेन्सिलीसकट, सुतळीसकट. अकरा वर्षं काका पक्षी मोजतात आणि मी लिहिते, ती पेन्सिल मीच बांधतेय त्या वहीला!

आणि मला काय? "उज्ज्वला, तू पुढं बस. नुसतं बघ."

नुसतं बघ. सहलीला आलेल्या पाहुण्यांना सांगतात तसं. पुढची फळी म्हणजे काकांची स्वतःची जागा. तिथे मला बसवलं आणि आपण मागे सरकले — केतकीच्या शेजारी. पोरगी गेल्या रविवारी पहिल्यांदा बेटावर आली. एक रविवार! तुतवार आणि शेकाट्या यातला फरक अजून कळत नाही तिला. पलसाण्याच्या एका प्रोसेस हाउसमध्ये साड्यांची डिझाइनं काढते, तेच करावं की.

परत येताना मी एक शब्द बोलले नाही. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

१३ ऑक्टोबर

बँकेत दोनदा चुकीचा शिक्का मारला. अविनाश म्हणतो, "एका वहीसाठी एवढं? नवी आणून देतो, दोनशे पानी." त्याला काय कळणार! अकरा वर्षं रविवारी सकाळी हा झोपलेला असतो आणि मी नावेत. मागे म्हणाला होता, तुझ्या त्या खाजण बेटाचं नाव रेशनकार्डावर चढवून टाकू. चढवलं असतं तर बरं झालं असतं. निदान काढून टाकताना विचारावं तरी लागलं असतं.

१९ ऑक्टोबर, रविवार

दिवाळीची साफसफाई टाकून गेले. न जाऊन सांगणार कुणाला?

आज काकांनी माझी परीक्षाच घेतली. सगळ्यांसमोर. "डाव्या हाताला काय आहे? किती? आन् त्याच्या मागं?" अकरा वर्षांनी मला विचारतात, ते बदक कुठलं! मी सांगितलं, तलवार बदकं, चाळीस. काका मोठ्याने म्हणाले, "तलवार बदकं, चाळीस." केतकीने खाली मान घालून लिहिलं. म्हणजे मी बोललेलं काकांनी पुन्हा बोलायचं, मगच ते खरं. लहान मुलाला पाढे म्हणायला लावतात तसं चाललं होतं. उजळणी माझी आणि कौतुक तिचं — "केतकीचं अक्षर कसं मोत्यासारखं." माझ्या अक्षराला कधी वेडेवाकडे मोतीसुद्धा म्हणाले नाहीत.

नाही, मी जळत नाही. लिहून ठेवते : मी जळत नाही.

२ नोव्हेंबर, रविवार

जळतेय. खूप जळतेय.

नावेतून उतरताना काका आता तिच्या खांद्यावर हात ठेवतात. मी पुढेच उभी होते, हात पुढे केला होता. त्यांनी माझ्या हाताकडे बघितलंसुद्धा नाही. चहाचा कपही तिच्याच हातून. वनखात्याचा मेसेज आला तर मोबाइल तिच्याकडे — "वाच गं बेटा." अकरा वर्षांत मला बेटा म्हणाले नाहीत. मी सत्तेचाळीस वर्षांची बाई, मला कोण बेटा म्हणणार, हेही खरंच.

९ नोव्हेंबर

आज फक्त एकच गोष्ट लिहायची. मोठ्या तळ्यावर सगळे चहा पीत होतो. काका मान खाली घालून पारले बिस्किट बुडवत होते. मान वर न करताच म्हणाले, "कुलंग आले. पंचवीस-तीस असतील." मी वर बघितलं — कुठेच काही नाही. मिनिटभराने पूर्वेकडून त्या राखी क्रौंचांची रांग आली. दुर्बीण लावून मोजले. अठ्ठावीस!

या माणसाला माझी गरज कशाला असेल? कुणाचीच नाही. मग तिला का जवळ केलंय?

२३ नोव्हेंबर, रविवार

केतकीने डब्यातून पोंक, ज्वारीचा कोवळा हुरडा, आणला होता. सगळ्यांना वाटला, वर शेव, लिंबू. मला म्हणाली, "ताई, घ्या ने, एकदम ताजो छे." मी म्हटलं, दात दुखतोय. खोटं. पोंक मला प्राणाहून प्रिय आहे. ठाकोरभाई नाव वल्हवता वल्हवता मूठभर खात होता आणि मी उपाशी पाणकावळे बघत होते.

७ डिसेंबर, रविवार

आज गंभीर.

वनखात्याचे साहेब बेटावर आले होते. मोठं तळं अभयारण्यात आहे, ते राहणारच. प्रश्न धाकट्याचा आहे. ते अजून हद्दीत घेतलेलं नाही. साहेब सरळ बोलले. यंदाच्या गणनेत धाकट्या तळ्यावर तीनशे कुलंग भरले तर ते अभयारण्यात जाईल, नाही भरले तर झिंग्यांच्या, म्हणजे कोळंबीच्या, तलावांसाठी भाड्याने देणार. मागणी येऊन पडलीय. एकदा झिंगा आला की बांध घालतील, खारं पाणी सोडतील, पाणकणीस कापून काढतील.

धाकट्या तळ्यावर मी पाणमांजरं पाहिली आहेत. आई गेली त्या वर्षी. दोन मोठी, तीन पिल्लं — मासा एकमेकांच्या तोंडातून ओढत होती. तासभर बसून होते. त्या दिवशी पहिल्यांदा घरी जाऊन नीट जेवले.

काका साहेबांना म्हणाले, "भरतील. पण नावेत बोललेला आकडाच कागदावर येईल, साहेब. त्याच्यात एक मी वाढवणार न्हाई, एक कमी करणार न्हाई." हा त्यांचा जुनाच नियम. तीस वर्षं मिलच्या फोल्डिंग खात्यात काढली. तिथे कापड मोजणारा आकडा बोलतो आणि दुसरा लिहितो. मोजणाऱ्याने लिहायचं नाही, लिहिणाऱ्याने वर बघायचं नाही. दोन्ही एकाने करायला घेतलं की ताक्यात, कापडाच्या ताग्यात, घोळ झालाच म्हणून समजा. तीच शिस्त त्यांनी बेटावर आणली. वीस पक्ष्यांचा एक ताका, अशी मोजणी. लोक हसायचे. मग बघितलं की याचे आकडे चुकत नाहीत, तेव्हा हसणं बंद झालं.

तर अठरा जानेवारीला गणना. मोजणार अर्थात काका. लिहिणार केतकी. आणि मी कोण? पुढच्या फळीवरचं वजन!

२१ डिसेंबर

गेले नाही. अविनाशला म्हटलं, सर्दी आहे. दिवसभर घरात आपटाआपट केली. त्याने विचारलं, "काकांना स्पष्ट का विचारत नाहीस?" विचारायचं काय? काका, माझी पेन्सिल परत द्या? सत्तेचाळीसाव्या वर्षी?

संध्याकाळी काकांचा फोन आला. "आज तू न्हाई तर मोजणीच केली न्हाई." मी म्हटलं, केतकी होती ना. ते म्हणाले, "केतकी होती की." बस, एवढंच. पुढे बोलले असते तर मी रडले असते. फोन ठेवला.

४ जानेवारी, रविवार

थंडी. मोठ्या तळ्यावर रोहित, चारशे. केतकी म्हणते, "ताई, तुम्ही किती फास्ट मोजता!" गोड बोलते. गोड बोलणारी माणसं मला आधीपासूनच पटत नाहीत.

१५ जानेवारी, गुरुवार

उत्तरायणाचे दोन दिवस गच्चीवर. आमच्या मजल्यावरच्या सगळ्यांनी मिळून उंधियू आणला. मी एकही पतंग उडवला नाही. दोऱ्यात बगळे अडकतात. दोन वर्षांपूर्वी एक सोडवला होता, त्याची चोच लागलेला व्रण अजून मनगटावर आहे.

केतकीने ग्रुपवर फोटो टाकलाय. डिंडोलीला काकांच्या घरी, त्यांच्या बायकोच्या, रंभाबाईंच्या शेजारी बसून तिळगूळ खातेय. गळ्यात — दोनदा मोठा करून बघितला फोटो — काकांची दुर्बीण! ती काळी, जड, एका बाजूचा रंग गेलेली. मिलमधून निवृत्त होताना खात्यातल्या सगळ्यांनी वर्गणी काढून दिलेली. मला ती कधी हातात धरायलासुद्धा दिली नव्हती. म्हणायचे, "तुझी आहे ना चांगली."

खाली केतकीने लिहिलंय : काकांनी दिली, कायमची.

अविनाश म्हणाला, "झोप आता." झोप कशी येणार?

१८ जानेवारी, रविवार. गणना

सगळं जसं झालं तसं लिहिते. वाचायला कोण येणार आहे!

भरतीबरोबर पहाटे निघालो. धुकं होतं. मी पुढच्या फळीवर, मागे काका, त्यांच्यामागे वही मांडीवर घेऊन केतकी, शेवटी ठाकोरभाई. तिच्या गळ्यात दुर्बीण. चढताना काका म्हणाले, "केतकी, हात दे जरा." मी आधीच पुढे जाऊन बसले, बघावं लागू नये म्हणून.

मोठं तळं नीट झालं. काका विचारत होते, मी सांगत होते, ते पुन्हा बोलत होते, ती लिहीत होती. चित्रबलाक एकतीस. चमचे चौऱ्याऐंशी. रोहित साडेतीनशेच्या आसपास. मी सांगत होते खरं, पण मनात एकच — हे मला विचारण्याचं नाटक कशाला? तुम्हाला दिसतंय की सगळं.

मग धाकटं तळं. पाण्यावर कुलंग उभे होते, उघड्यावर. एकेक ताका धरून मोजले आणि सांगितलं, "आठ ताके, वर दोन."

"एकशे बासष्ट," काका म्हणाले. केतकीने लिहिलं.

तेवढ्यात धुकं थोडं सरलं. डाव्या अंगाला पाणकणसाच्या पलीकडे, एका फटीतून — राखी माना. एकामागे एक, दाटीने. मी मनातल्या मनात ताके पाडले. नऊ. दहा. अकरावा अर्धा. दोनशेच्या वर! आधीचे धरून साडेतीनशेच्या पलीकडे गेले असते. आणि ते बोलत होते, आपसात, हळू, एकमेकांना उठवत असावेत तसे.

तोंड उघडलं होतं मी. शपथ. मग मागे दुर्बिणीचा पट्टा वाजला. वाटलं, दिलीय ना तिला? कायमची दिलीय ना? मग बघू दे की तिला. काका स्वतः मोजतायत, ते काय सोडणार आहेत? ते सांगतील, "अगं उज्ज्वला, मागचे राहिले," आणि मग तिला म्हणतील, "तुझ्या गळ्यात दुर्बीण कशाला आहे?" हे ऐकायचं होतं मला. एवढंच ऐकायचं होतं.

"अजून?" काकांनी विचारलं.

"नाही."

काका थांबले. बराच वेळ. वल्ह्यावरून पाणी गळत होतं. त्यांनी पुन्हा विचारलं, "अजून काही, उज्ज्वला?"

"बास एवढेच."

"बरं. ओढ रेघ, केतकी."

तिने रेघ ओढली. ठाकोरभाईने नाव वळवली. मी वळून बघितलं नाही.

१९ जानेवारी

वाटलं होतं रात्री फोन येईल. आला नाही. काकांना दिसले नाहीत? काकांना? बिस्किट बुडवता बुडवता अठ्ठावीस सांगणाऱ्या माणसाला?

चुकले म्हणायचे काका. तिच्या नादात चुकले. लिहिलं, पण लिहून बरं वाटलं नाही. एकशे बासष्ट. एकशे बासष्ट. बँकेत टोकनचा नंबर पुकारला एकशे बासष्ट, आणि मी पेन खाली टाकलं.

२१ जानेवारी, बुधवार

केतकी बँकेत आली. जेवणाच्या सुटीत, हातात फाईल. म्हणाली, "ताई, तुमची सही बाकी छे ने. एकतीसच्या आत द्यायचा आहे." मी म्हटलं, माझी सही कशाला? तिने कागद समोर ठेवला.

वनखात्याचा छापील अर्ज. काकांच्या हातचा. अक्षरं ओळ सोडून वर चढलेली, एकावर एक बसलेली.

गणना करणार : उज्ज्वला. माझं पूर्ण नाव, बँकेचा पत्ता. खाली "लेखनिक" — तिथे वेगळ्या पेनाने, मोत्यासारख्या अक्षरात, केतकीचं नाव. काकांची सही "मदतनीस" समोर. आणि तारीख, दोन ऑक्टोबर. दसऱ्याचा दिवस, शेजारी अशोक विजयादशमी, असंही लिहिलंय. केतकी बेटावर आली पाच ऑक्टोबरला.

मला एकदम काही कळेना. म्हटलं, मोजलं तर काकांनी.

ती माझ्याकडे बघतच राहिली. "ताई, काकांना नावेच्या टोकाच्या पुढचं दिसत नाही. तुम्हाला खबर नव्हती? काचबिंदू. माझा भाऊ त्यांना दवाखान्यात न्यायचा, त्याच्याकडूनच तर मी आले. लिहायला कोणीतरी पाहिजे होतं. पहिल्याच दिवशी मला म्हणाले, उज्ज्वलाला आता लिहू द्यायचं नाही, तिला बघू द्यायचं. आणि गणना होईपर्यंत तिला डोळ्यांचं सांगू नको, नाहीतर ती पक्षी सोडून मलाच बघत बसेल."

"आणि दुर्बीण?"

"मला म्हणाले, ठेव, पुढच्या वर्षी लागेल. गणनेत हात नाही लावायचा. लिहिणाऱ्याने वर बघायचं नाही ने! मी तर एकपण कुंज, तुमचा कुलंग, नाही पाहिला त्या दिवशी."

मोजणारी मीच होते! तीन महिने पुढच्या फळीवर तोंड पाडून बसलेली, तीच मोजणारी होती. वही काढून घेतली नव्हती त्यांनी. तळी दिली होती.

सही केली नाही. म्हटलं, ठेवून जा. ती गेल्यावर बाथरूममध्ये नळ सोडून उभी राहिले.

२२ जानेवारी, गुरुवार

रजा टाकून डिंडोलीला गेले. रंभाबाईंनी दार उघडलं. "ये व माय, बस." काका खुर्चीत मान मागे टाकून बसले होते, त्यांच्या डोळ्यांत थेंब घालून त्या उठून आल्या होत्या. मी आल्याचं आत वळून सांगितलं, "उज्ज्वला उनी." काकांचे डोळे मिटलेले. म्हणाले, "कळलं मला. चपला काढायची पद्धत तिची."

सांगायचं ठरवून गेले होते. रिक्षात शब्दसुद्धा जुळवले होते. काका, मी पाहिले होते. दोनशेच्या वर. मी बोलले नाही, कारण मला तुमच्या केतकीचा हेवा वाटत होता.

रंभाबाईंनी चहा आणला. काकांनी बशी चाचपली. मी ती त्यांच्या हातात दिली — पहिल्यांदा. आणि तोंडातून निघालं ते वेगळंच. "काका, धाकट्या तळ्याचं मला जरा शंकेसारखं वाटतंय. धुकं होतं. एकतीसच्या आत आहे, रविवारी परत जाऊ या का?"

काकांनी बशी खाली ठेवली. मग म्हणाले, "जाऊ."

का, कशी शंका, काही विचारलं नाही. बरंच झालं. रविवारी कुलंग मोजीन, नीट, सगळे. साडेतीनशे लिहिले जातील, तळं वाचेल. मग सांगायची गरजच काय? तळ्याचं भलं झालं की झालं.

२४ जानेवारी

केतकीला फोन करून सांगितलं, उद्या पोंक आण, दात बरा आहे. ती हसली. देवा, उद्या असू देत ते तिथे.

२५ जानेवारी, रविवार

धुकं नव्हतं. लख्ख उजेड होता. धाकटं तळं रिकामं. पाणकणसामागे फक्त दोन शेकाटे. ठाकोरभाई म्हणाला, "परमदिवसथी नथी, बेन." परवापासूनच नाहीत.

मी दुर्बीण लावून सगळा काठ तीनदा बघितला. मग मोठ्याने म्हटलं, "कुलंग, शून्य."

काका तो आकडा पुन्हा बोलले नाहीत. मागून हळूच म्हणाले, "त्या दिवशी पाणकणसामागं बोलत होते ते. लय होते. मी आयकलं. तू सांगशील म्हणून थांबलो होतो."

केतकी लिहीत होती. तिने वर बघितलं नाही.